बरक्याचे गरे

आधी नुसतं ऐकून घे, मध्ये तोंड घालू नकोस, हसायचं असेल तर शेवटी हस. आपला नितेश, रेल्वेच्या ठेकेदाराकडे सेफ्टीवाला म्हणून लागलाय तो, त्याने परवा सकाळी रोजच्यासारखं ते दारू तपासायचं मशीन तोंडाला लावलं, फुंकलं, आणि मशीन ओरडलं. दुसऱ्या कोणाच्या फुंकीवर नाही रे, त्याच्या स्वतःच्या. आणि तुला माहितीये हा कसला पोरगा आहे ते. शिमग्याला सगळी वाडी हवेत असते तेव्हा हा कोकम सरबताचा ग्लास धरून पालखीच्या मागे चालणार. आरे-वारेच्या किनाऱ्यावर आपण सगळे प्यायला बसलो होतो तेव्हा गाड्यांच्या चाव्या कोणाकडे दिल्या होत्या, आठवतंय ना, तोच. लाल दिवा लागला, बारीक किंचाळल्यासारखा आवाज आला, आणि त्याला पहिल्यांदा काय वाटलं सांगू, भीती नाही, राग नाही, त्याला वाटलं आपल्या मागे कोणीतरी उभं आहे. पाठीला अगदी चिकटून, त्याच्याच नळीतून फुंकणारं. तो चक्क मागे वळला. मागे कंटेनरचा पत्रा, त्यावर टांगलेली हेल्मेटं, आणि सकाळीच तापायला लागलेला जांभ्याचा कडा. बाकी कोणी नाही.

जागा जरा डोळ्यांसमोर आण म्हणजे कळेल. उक्षी स्टेशनच्या बाजूला रूळ डोंगर कापून आत शिरतात ना, तिथे पावसाळ्याआधी कड्यावरचे सुटे दगड पाडायचे आणि वरून जाळी मारायची, हे काम. एकच लाईन, गाड्या चालूच, म्हणजे एक गाडी गेली की दुसरी येईपर्यंत जेवढं उरकेल तेवढं उरकायचं. वळणावर एक माणूस शिट्टी आणि लाल झेंडा घेऊन उभा असतो, त्याने शिट्टी मारली की सगळ्यांनी हत्यारं उचलून बाजूला व्हायचं. तो माणूस जरा पेंगला तर खालचे सगळे गेले. म्हणून यंदाच्या ठेक्यापासून नियमच आलाय, रुळावर पाय ठेवायच्या आधी प्रत्येकाने मशीनमध्ये फुंकायचं, मग तो बिगारी असो की इंजिनीयर. शिवाय संशय आला तर लघवीचा कप द्यायचा, गांजाबिंजाची पट्टी बुडवायला. कपाची वेळ कधी आली नव्हती, पण गँगमधला बाबल्या रोज लाईनीत उभा राहून विचारायचा, "सायेब, आज कप हाय काय? मी सकाळधरनं थांबवून ठेवलंय." आणि नितेशची एक पद्धत होती, कुठल्या नियमात नव्हती, त्याने स्वतःच काढलेली. पहिली फुंक त्याची. सगळ्यांसमोर नव्या नळीचं पाकीट फोडायचं, आपण फुंकायचं, शून्य आलं की मशीन वर धरून दाखवायचं. म्हणजे बापाच्या वयाच्या माणसांना, हा कालचा पोरगा आमच्यावर संशय घेतो, असं वाटायला नको. चांगला विचार केला होता रे त्याने. आणि त्या चांगल्या विचारानेच परवा त्याचा गळा धरला, कारण लाल दिवा सगळ्यांनी पाहिला. मग बाबल्या म्हणाला, "काय सायेब, फणस खाल्लास काय?" आणि लाईन खदखदून हसली. नितेश हसला नाही. त्याने मशीन पालथं धरलं, आणि का ते त्याला स्वतःलाही त्या क्षणी कळलं नाही.

कंटेनरमधून शुभंकर सर बाहेर आले. ठेकेदाराचा इंजिनीयर, पुण्याचा, वयाने आपल्याहून थोडाच मोठा, वाईट माणूस नाही, पण घड्याळाकडे बघत बोलणारा. म्हणाले, "काय झालं? परत घे ना पटकन, गाडी गेलीये." आणि नितेशच्या तोंडून, विचार न करता, पाठ केलेल्या धड्यासारखं बाहेर पडलं, "सर, नियमाप्रमाणे चूळ भरून पंधरा मिनिटं थांबायचं असतं, तोंडात काही राहिलं असेल तर ते जावं म्हणून. मगच दुसरी फुंक. ती खरी धरायची." बोलला आणि त्याचे कान तापले. कारण हे वाक्य त्याने कोर्समध्ये लिहिलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, पण या कड्याखाली, या माणसांसमोर, ते त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं होतं. बाबल्याचं हसणं अर्ध्यावर थांबलं. तो बघत राहिला, गळ्यातली शिट्टी दोन बोटांत फिरवत. सर म्हणाले, "बरं बस, पण लवकर." जसं काही पंधरा मिनिटं लवकर होतात.

मग तो बसला, लाईनीसमोरच, प्लास्टिकच्या खुर्चीत. चूळ भरली, पाणी लाल मातीत जिरताना बघितलं, आणि डोक्यात एकेक जण हजर व्हायला लागला. पहिला संशय मशीनवर. मशीन तापलं असेल, उन्हात राहिलं असेल. पण मशीन त्याच्याच बॅगेत असतं, टॉवेलात गुंडाळून, बायकोला जपावं तसं जपतो तो ते. मग नळी. नळी त्यानेच फोडली, पण पाकिटं कंटेनरमध्ये असतात आणि कंटेनरची चावी खिळ्याला, कोणीही घ्यावी. बाबल्याने काही लावलं असेल काय नळीला? का लावेल? का लावू नये? काल त्याला हेल्मेटवरून चारचौघांत बोललो. मग खोलीवरचा चिराग, तो बंदरावरच्या बर्फाच्या फॅक्टरीत आहे, रात्री पिऊन येतो, त्याने माझ्या पाण्याच्या बाटलीत, पण का, चिराग तर माझं जेवण झाकून ठेवतो. आणि झाकून का ठेवतो इतका, असंही मनात आलं बघ त्याच्या. असं व्हायला लागलं की ज्याने ज्याने म्हणून त्याच्याशी गोड वागून दाखवलं होतं तो तो जास्तच संशयाचा वाटायला लागला. आणि सगळ्यांच्या शेवटी, नको म्हणताना, स्वतःवर. आपण झोपेत प्यायलो असू काय? बाबांचं काही आपल्या रक्तातच असेल, आणि ते आत्ता बाहेर आलं असेल, मशीनला कळलं, आपल्याला कळलं नाही.

त्याचे बाबा मिरकरवाड्यात बोटीवर इंजिन बघायचे. संध्याकाळी घरी आले की आई दारातच उभी, "तोंड उघडून हाऽ करा बघू." पण आईला बारमाही सर्दी, तिला धड वास यायचा नाही. म्हणून ती नितेशला पाठवायची. "जा, बाबांच्या मांडीवर बसून ये." हा जायचा, बसायचा, बाबांच्या शर्टात नाक घालायचा. तिथे डिझेलचा वास असायचा, बांगड्याचा, विडीचा, खारट घामाचा, वरून लिंबाच्या साबणाचा. यातली दारू कुठली ते त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं. परत आला की आई भुवया उचलायची, नुसत्या भुवया, आणि हा तिच्या चेहऱ्याकडे बघून, त्या चेहऱ्याला जे हवं असेल ते, मान हलवायचा. मान उभी हलली की बाबांचं ताट त्या दिवशी पडवीत. एकदा बाबांनी पडवीतूनच हाक मारून विचारलं होतं, रागाने नाही रे, खरंच कुतूहल असल्यासारखं, "नित्या, काय वास आला तुला? मला पण सांग की." बाबा आता नाहीत. आणि नितेशला हे मशीन पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा इतकं हलकं वाटलं होतं, की बरं झालं, आता नाकाचा प्रश्न नाही, चेहऱ्यांचा प्रश्न नाही, आकडा येतो, आकड्यासमोर कोणाचं काही चालत नाही.

शिवाकाकाच्या वेळेला आकडाच आला होता. हे मागच्या महिन्यातलं. शिवाकाका वरच्या वाडीतला, शिट्टीवाला, वळणावर उभा राहायचा तो. गाडी दिसायच्या आधी तिचा हादरा त्याच्या पायाला कळतो म्हणायचे. त्याने फुंकलं, मशीन ओरडलं. शिवाकाका मशीनकडे बघत राहिला, मग नितेशकडे. "मी काय घेतलेलं नाय रे पोरा. सकाळी बरका खाल्ला, बस्स. देवाशपथ." आणि गँग जी हसली. बरका म्हणजे तो लिबलिबीत, चमच्याने खावा असा फणस, तो कापा नव्हे. बाबल्या म्हणाला, "फणसाने चढते? मग आमी जल्ले मेले उगाच खर्च करतो." शुभंकर सर घड्याळ बघत होते. नितेश म्हणालाही होता, "सर, थोडं थांबायचं असतं," पण इतक्या हळू की ते बोलल्यात जमा नाही, आणि सर म्हणाले, "वेळ कुठाय, लगेच दुसरी घे." त्याने लगेच दुसरी घेतली. आला परत आकडा, येणारच ना, तोंड तेच, लाळ तीच. आणि शिवाकाका शिमग्याला घेतो हे सगळ्यांना माहीत, नितेशलाही, म्हणजे सगळ्यांचे चेहरे आधीच मान हलवून मोकळे झालेले. रुळावर काम करायचा पास काढून घेतला. वर कळवलं, आता त्याला या लाईनीवर कुठलाच ठेकेदार घेणार नाही. शिट्टी मात्र नितेशला स्वतःच्या हाताने उतरवून घ्यायला लागली, कारण शिवाकाकाला दोरीची गाठ सुटेना, बोटं थरथरत होती. ती थरथर पण तेव्हा सगळ्यांना पुरावाच वाटली. नितेशने शिट्टी घेतली, ती ओली होती, गरम होती. त्याच सकाळी ती बाबल्याच्या गळ्यात गेली. आणि तेव्हापासून साइटवर कोणाचा पाय घसरला, कोणाच्या हातून पहार सुटली, की एकच वाक्य, फणस खाल्लास काय. नितेश पण हसलेला आहे त्यावर. दोनदा तरी.

खुर्चीत बसल्या बसल्या त्याने घाम पुसायला हात तोंडाकडे नेला आणि तो तिथेच थांबला. हाताला वास. गोड, जड, नाकात बसणारा, थोडा आंबूस. बोटांच्या मधे अजून चिकट. त्याने बोटं मिटली, जसं काही कोणी बघेल. सकाळचं सगळं एकदम समोर आलं, इतकं साधं होतं की त्याने ते मोजलंच नव्हतं. रिक्षातून उतरून तो पायवाटेने कड्याकडे येत होता आणि वाटेत गुणवंतीकाकी उभी. शिवाकाकाची बायको. तीच गँगला चहा आणते, काम सुरू झालं तेव्हापासून, आणि नवऱ्याला काढल्यावरही तिने चहा आणणं सोडलं नाही. फक्त नितेशच्या हातात पेला द्यायची नाही, समोरच्या दगडावर ठेवायची, एवढंच. आणि परवा ती हातात फणसाचं पान घेऊन उभी, पानावर पिवळेधमक गरे. "घे रे बाबू. दारचा हाय. जरा उतरलाय, पण गोड हाय." महिन्याभराने ती त्याच्याशी बोलली होती. त्याला असं भरून आलं, की तो नको म्हणूच शकला नाही. बरोबर नेतो म्हणाला तर म्हणाली, "हितंच खा. थितं नेलंस तर तो बाबल्या तुला काय ठेवायचा नाय." तो वाटेतच उभा राहून खात राहिला, हनुवटीवरून रस गळेपर्यंत. आणि ती बघत राहिली. शेवटचा गरा संपेपर्यंत हलली नाही. आठळ्या तिने हात पुढे करून परत घेतल्या, भाजीला लागतात म्हणून. त्याला वाटलं, चला, माफ केलं. हे वाटलं म्हणून तो पुढची सगळी वाट शीळ घालत आलेला.

आता त्याने मान वर केली. गुणवंतीकाकी आलेलीच होती. लाईनीच्या पलीकडे, चहाची किटली पायाशी, टोपली मांडीवर, टोपलीवर फडकं. रोज ती चहा घेऊन येते तेव्हा फुंकणं उरकलेलं असतं. आज लवकर आली होती. का? ती त्याच्याकडे बघत नव्हती, तेच जास्त होतं. ती मशीनकडे बघत होती, खुर्चीच्या हातावर ठेवलेल्या मशीनकडे, दुसऱ्याच्या घरच्या मुलाकडे बघावं तशी. हिला माहीत होतं. हिने मला मुद्दाम खायला घातलं, त्याच झाडाचा, उतरून आंबलेला, दोन दिवस ठेवून ठेवून. पहिली फुंक माझी असते हे शिवाकाकानेच सांगितलं असणार. सूड घेतेय. की सूड नाही, नुसतं दाखवतेय, बघ बाबू, असं होतं. की यातलं काहीच नाही, दारचा फणस पिकला आणि वाटेत दिसलेल्या पोराच्या हातावर चार गरे ठेवले, जसे कोणीही ठेवेल, आणि हे सगळं माझ्याच डोक्यातलं. हे शेवटचं त्याला सगळ्यात वाईट वाटलं. कारण तसं असेल तर त्या बाईने त्याला खरंच माफ केलं होतं, आणि तो तिच्यावरच संशय घेत बसला होता. आणि मग लगेच उलटं, की फणसाने मशीन ओरडतं एवढंच यातून निघतं, शिवाकाकाने त्या सकाळी घेतली नव्हती हे कुठे निघतं? घेतली असेल. फणस पण खाल्ला असेल आणि घेतली पण असेल. हे त्याला इतकं सोयीचं वाटलं की तो ते घट्ट धरून बसला थोडा वेळ. पण ते हातात राहीना. शिवाकाकाला पंधरा मिनिटं दिली असती तर आत्ता हे धरायची गरज पडली नसती. ती पंधरा मिनिटं आत्ता नितेश स्वतःसाठी खर्च करत होता. वाडीतली माणसं सांगतात, शिवाकाका आता देवळाच्या पायरीवर बसून असतो, गाडीचा आवाज आला की त्याचा हात छातीशी जातो, तिथे काही नसतं, मग तो सदऱ्याचं बटण चाचपतो.

"झाली रे वेळ," सर म्हणाले. नवी नळी. त्याने फुंकलं, सगळा श्वास संपेपर्यंत, आणि डोळे मिटून घेतले. आवाज नाही. शून्य. गँगमधून कोणीतरी सुस्कारा टाकला आणि त्यालाही एकदम मोकळं वाटलं, रडू येईल इतकं. शुभंकर सरांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ, मशीनचाच प्रॉब्लेम. पहिली धरूच नकोस. चल, आता मी फुंकतो, मग बाकीचे." संपलं होतं सगळं. फक्त गप्प बसायचं होतं. पण बाबल्या लाईनीतून एक पाऊल पुढे आला. हसत नव्हता. "नितेश," म्हणाला, सायेब नाही म्हणाला, पहिल्यांदा नावाने, "सकाळी काय खाल्लेलंस?" नितेशने मूठ मिटली. बाबल्याच्या गळ्यातली शिट्टी उन्हात चमकत होती, ती शिवाकाकाची, बाबल्याला पण ठाऊक ती कोणाची, आणि खरं बाहेर पडलं तर ती परत द्यायला लागेल हे पण ठाऊक. तरी त्याने विचारलं. का विचारलं, तो कोणाच्या बाजूने आहे, नितेशला काही कळेना. "चहाच," तो म्हणाला. अजून चहा झालाच नव्हता. लाईनीतल्या सगळ्यांनी किटलीकडे पाहिलं, झाकण बंद होतं.

गुणवंतीकाकी उठली. पदर खोचला, टोपलीवरचं फडकं काढलं, आणि सरळ शुभंकर सरांसमोर येऊन उभी राहिली. टोपलीत पानं, पानांवर गरे. वास एवढा सुटला की मागचे दोघे पुढे सरकले. "सायेब, तुमी खाल्लात नाय कधी आमच्या हितला. घ्या." सरांनी एक हातात घेतला, दोन बोटांत, रस मनगटावर आला. दुसऱ्या हातात त्यांची नळी, अजून न फोडलेली. "आधी खाऊ की आधी फुंकू?" ते हसत म्हणाले. काकी म्हणाली, "ते काय ते सेफ्टीवाल्याला इचारा. त्येका सगळं ठावं हाय." आणि आता पहिल्यांदा तिने नितेशकडे पाहिलं. त्या नजरेत काय होतं म्हणून मी त्याला विचारलं, तर म्हणाला, काही नव्हतं रे, तेच तर, आई नुसत्या भुवया उचलायची तसं, फक्त तिने त्या उचलल्या पण नाहीत. त्याला सगळं दिसत होतं. आधी खा म्हणालो तर मशीन ओरडेल, मी एक शब्द न बोलता सगळ्यांना कळेल, आणि सरांना पण कळेल की मला ठाऊक होतं, ते मला उभा सोलतील. आधी फुंका म्हणालो तर काहीच होणार नाही, सर गरा खातील, वा म्हणतील, चहा होईल, काम सुरू होईल, आणि शिवाकाका पायरीवर. आणि तिसरं, खरं, सगळ्यांसमोर, की सर, त्या दिवशी आपण थांबलो नाही, तुम्ही पण नाही आणि मी पण नाही, ती फुंक खरी धरता येत नाही, शिवाकाकाला परत कामावर बोलवा. म्हणजे शिवाकाकाचा गेला तसा माझा पास पण जाणार. बाबल्याची बोटं शिट्टीच्या दोरीच्या गाठीवर होती, सोडवत होता की घट्ट करत होता, सांगता येत नव्हतं. लांब कुठेतरी, बोगद्याच्या अंगाला, रूळ बारीक वाजायला लागले होते.

सर गरा ओठांपर्यंत नेऊन थांबले. "बोल ना रे," म्हणाले, "खाऊ का?"

आता सांग. तू काय बोलला असतास?